व्हिसा : स्वतः काढावा की एजंटाकरवी?

परदेशी सहलीचा बेत ठरला की घरात पहिला प्रश्न निघतो तो तिकिटाचा आणि दुसरा व्हिसाचा. तिकीट आता घरबसल्या निघते. व्हिसाच्या बाबतीत मात्र ‘ते काम एजंटाकडे देऊन मोकळे व्हा’ हाच सल्ला आप्तेष्टांकडून मिळतो. हा सल्ला सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु एजंट आपल्यासाठी नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, याचा विचार तो देणाराही करीत नाही आणि घेणाराही. पैसे मोजून आपण कागदपत्रांची जुळवाजुळव विकत घेतो, व्हिसा नव्हे. हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेकांचे पैसे जातात आणि काहींचे परदेशाचे दार वर्षानुवर्षे बंद होते.

तीन वेगळी दारे

व्हिसाच्या व्यवहारात तीन स्वतंत्र घटक असतात. पहिला म्हणजे त्या देशाची वकिलात. व्हिसा द्यायचा की नाकारायचा, हा निर्णय सर्वस्वी तिचा. दुसरा घटक म्हणजे अर्ज स्वीकारणारी केंद्रे. व्हीएफएस ग्लोबल, बीएलएस इंटरनॅशनल यांसारख्या कंपन्या वकिलातींच्या वतीने ती चालवितात. यांपैकी व्हीएफएसचा प्रारंभ २००१ साली मुंबईत, अमेरिकी वकिलातीच्या कामापासून झाला. वकिलातींबाहेर पहाटेपासून लागणाऱ्या रांगांवर हा उतारा होता. ही केंद्रे अर्ज तपासून घेतात, शुल्क स्वीकारतात, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतात आणि पारपत्र परत करतात. निर्णयात त्यांचा सहभाग नसतो. तेथे मिळणारे प्रशस्त दालन, घरपोच पारपत्र, मोबाइलवरील संदेश या साऱ्या ऐच्छिक सोयी आहेत. त्या घेतल्याने व्हिसा मिळण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

तिसरा घटक म्हणजे खासगी एजंट किंवा प्रवासी संस्था. काही वकिलाती निवडक संस्थांना ग्राहकांचे अर्ज सादर करण्याची मान्यता देतात. पण शेंगेन देशांच्या नियमांनुसार त्यांनाही बोटांचे ठसे घेता येत नाहीत. बहुतेक एजंट मात्र आपला अर्ज भरून, कागद लावून, भेटीची वेळ घेऊन देण्याचे काम करतात. अर्थात, एजंट नेमला तरी केंद्रावर जाण्याची खेप बहुधा चुकत नाही.

खर्चाचा हिशेब

युरोपच्या सहलीचे उदाहरण घेऊ. शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ८० युरोंवरून ९० युरो झाले. सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी ते ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. म्हणजे आई, वडील, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा कुटुंबाला केवळ व्हिसाचे २२५ युरो मोजावे लागतात. त्यावर केंद्राचे सेवाशुल्क आणि प्रवासविम्याचा हप्ता. एजंटाचा मोबदला याहून वेगळा असतो. तो किती असावा यावर बंधन नाही.

व्हिसा नाकारला गेला तर हे शुल्क परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांतील सुमारे १५ टक्के नाकारले गेले. तेव्हा खरा प्रश्न एजंटाचे पैसे वाचविण्याचा नसून अर्ज निर्दोष होण्याचा आहे. एजंटामुळे तो निर्दोष होणार असेल तर त्याचा मोबदला सार्थकी लागला म्हणायचे. नाही तर तो भुर्दंडच.

पैशाने न मिळणाऱ्या गोष्टी

‘आमची वकिलातीत ओळख आहे’, ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ असे सांगणारा एजंट दिसला की तेथून पाऊल मागे घ्यावे. अशी हमी देण्याचा अधिकार कोणालाच नाही. भेटीच्या वेळा मिळवून देण्याचा धंदाही तितकाच निसरडा आहे. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी वकिलातीने संगणकीय यंत्रणा वापरून बळकावलेल्या सुमारे दोन हजार भेटी रद्द केल्या आणि दलालांची गय केली जाणार नाही, असे जाहीर केले. अशा दलालाकडून वेळ घेणाऱ्याच्या पदरी अखेर रिकामी पावतीच पडते.

अमेरिकेच्या बाबतीत तर एजंटाची उपयुक्तता आणखी मर्यादित आहे. तेथील अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो आणि तो भरण्यास कोणी साहाय्य केले का, असा प्रश्न अर्जातच असतो. त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत असेल तर ती अर्जदारानेच द्यायची असते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आई-वडिलांचे उदाहरण महाराष्ट्रातील अनेक घरांत सापडेल. एजंट सवयीने ‘पर्यटन’ लिहितो, मुक्काम पंधरा दिवसांचा दाखवितो; आई मात्र खिडकीपाशी सरळपणे सांगते की चार महिने राहायचे आहे. दोघांचाही हेतू वाईट नसतो, परंतु अधिकाऱ्यासमोर कागद एक बोलतो आणि माणूस दुसरेच. प्रत्येक पर्यटक स्थायिक होण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरूनच अमेरिकी कायदा सुरुवात करतो आणि तसे नसल्याचे पटविण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. अशा वेळी ही विसंगती महागात पडते. अर्ज कोणीही भरो, सादर करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ अर्जदाराने वाचली, समजून घेतली पाहिजे. वडीलधाऱ्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर मुलांनी ती मराठीत समजावून सांगावी.

स्वाक्षरी आपली, जबाबदारीही आपली

सर्वांत गंभीर धोका खोट्या कागदपत्रांचा. खात्यात चार दिवस पैसे ठेवून शिल्लक फुगविणे, नसलेल्या नोकरीचे पत्र जोडणे, पूर्वी नाकारलेला व्हिसा लपविणे असे ‘उपाय’ काही एजंट सहज सुचवितात. अर्जदाराला कित्येकदा त्याची कल्पनाही नसते. परंतु कायद्याच्या लेखी निवेदन अर्जदाराचे असते. खोट्या माहितीच्या आधारे व्हिसा मागितल्याचे सिद्ध झाल्यास अमेरिकेत, विशेष सवलत मिळाल्याखेरीज, कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. कॅनडात ती पाच वर्षांची असते, तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. २०२३ मध्ये कॅनडात शिकण्यास गेलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. ती एजंटाने दिली होती. हद्दपारीची टांगती तलवार मात्र विद्यार्थ्यांच्या डोक्यावर आली. ते प्रकरण शिक्षणाच्या व्हिसाचे असले तरी त्यातील धडा पर्यटकालाही लागू पडतो.

‘एका देशाने नाकारले तर दुसऱ्याकडून काढू’ हा सल्लाही असाच फसवा आहे. शेंगेन देशांच्या सामाईक माहितीकोशात अर्जांची व नकारांची नोंद पाच वर्षांपर्यंत राहते. फ्रान्सने नाकारल्याचे इटलीच्या अधिकाऱ्याला एका क्षणात दिसते. नकारपत्रात कारण दिलेले असते आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही असतो. तेव्हा कारण दूर करून नव्याने अर्ज करणे किंवा अपील करणे, हेच शहाणपणाचे.

स्वतः अर्ज करताना

नोकरी वा व्यवसाय स्थिर आहे, प्राप्तिकराची विवरणपत्रे नियमित भरली आहेत, प्रवासाचा मार्ग सरळ आहे, अशा अर्जदाराला स्वतः व्हिसा काढणे मुळीच अवघड नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णय साधारणतः पंधरा दिवसांत होतो. पण ही मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यात भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. म्हणून मे महिन्यात जायचे असेल तर कामाला थंडीतच लागावे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेही नियमाने ठरते. जेथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे. मुक्काम सारखे असतील तर जेथे प्रथम प्रवेश होणार, त्या देशाकडे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. त्याच्या जोडीला बँकेची विवरणे, प्राप्तिकराची कागदपत्रे, नोकरीतील रजेचे पत्र, मुक्कामाची नोंदणी आणि प्रवासाचा हेतू सांगणारे एक साधे, स्पष्ट पत्र. बोटांचे ठसे एकदा दिले की ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

नीट वापरलेल्या व्हिसाचा पुढे लाभही होतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवी सवलत आणली. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्यासाठी पारपत्राची मुदत मात्र पुरेशी शिल्लक हवी.

ई-व्हिसा देणाऱ्या देशांसाठी तर मध्यस्थाची गरज जवळजवळ उरलेलीच नाही. धोका आहे तो नामसाधर्म्याचा. सरकारी संकेतस्थळासारखेच दिसणारे खासगी संकेतस्थळ शोधयादीत आधी दिसते आणि तेथे मूळ शुल्काच्या कितीतरी पट रक्कम घेतली जाते. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता त्या देशाच्या वकिलातीकडूनच खात्री करून घ्यावा.

एजंट केव्हा नेमावा?

असे असले तरी एजंटाला सरसकट नावे ठेवणे न्याय्य होणार नाही. पंधरा-वीस जणांचा गट, एकाच प्रवासात तीन-चार वेगवेगळे व्हिसा, संगणकाशी फारसा परिचय नसलेले ज्येष्ठ नागरिक किंवा कामातून उसंत न मिळणारा व्यावसायिक यांना अनुभवी संस्थेचा खरोखर आधार वाटतो. कोणता कागद कमी पडतो, कोणती तारीख जुळत नाही, हे सरावलेल्या नजरेला चटकन दिसते. आधी व्हिसा नाकारला गेला असेल तरही जाणकाराचा सल्ला जरूर घ्यावा.

मात्र एजंट नेमताना वकिलातीचे शुल्क, केंद्राचे शुल्क आणि स्वतःचा मोबदला यांची वेगवेगळी पावती मागावी. व्हिसा नाकारला गेल्यास यांपैकी काय परत मिळेल, हे आधीच लेखी घ्यावे. अर्जात स्वतःचाच ई-मेल व दूरध्वनी क्रमांक द्यावा, म्हणजे वकिलातीचा निरोप थेट आपल्याला कळेल. अर्जाची आणि जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पारपत्र भारत सरकारच्या मालकीचे असते, हे विसरू नये. ते कोणाच्याही हाती द्यायचे झाल्यास पोच घ्यावी आणि पैशाच्या वादात ते अडवून ठेवू देऊ नये.

एजंटाची मदत घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपला वेळ, वय आणि प्रवासाचे स्वरूप पाहून ठरवावे. मात्र अधिकाऱ्यापुढे जे नाव, जी स्वाक्षरी आणि जी माहिती जाते ती अर्जदाराची असते, आणि उद्या प्रश्न विचारला गेला तर उत्तरही त्यालाच द्यावे लागते. श्रम दुसऱ्यावर सोपविता येतात. खरेपणाची जबाबदारी सोपविता येत नाही.