बशी मधे, आपणही मधे!

मैत्रिणींनो, ‘तापास’ हा शब्द कानावर आलाय का? मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या पाट्यांवर तो हल्ली दिसतो. नाव परकं, पण प्रकार अगदी ओळखीचा!

स्पॅनिश भाषेत ‘तापा’ म्हणजे झाकण. पूर्वी पेल्यावर पावाची चकती झाकण म्हणून ठेवत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला. तोवर पेयाबरोबर छोट्या बशांतून थोडं थोडं खायचं: खारे बदाम, ऑलिव्ह, बटाटा-अंड्यांचं जाड आम्लेट, तळलेल्या बटाट्यांवर तिखट सॉस. बशी मधे आणि हात सगळ्यांचे.

आता आपलं विश्रामबाग घ्या. विलिंग्डन (१९१९) आणि वालचंद (१९४७) ही दोन जुनी कॉलेजं इथली, त्यामुळे घोळक्यानं खाणं इथल्या अंगवळणी पडलेलं. जाड चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीलिंब घातलेलं सांगलीचं भडंग चौघांत फस्त होतं, ते तापासच की! आणि ‘बटाटा’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनीच दिला.

मग अडतं कुठे? घरात. ‘तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते,’ म्हणता म्हणता संध्याकाळ सरते आणि आपल्या ताटात येतं ते गार, उरलेलं. पाहुण्यांच्या गप्पा आपण ऐकतो त्या स्वयंपाकघरातून!

यंदा भिशीला किंवा घरच्यांसाठीच हा बेत करून पाहा :

• गार झालं तरी चवीला उतरत नाहीत असेच पदार्थ निवडा. भडंग, खारे दाणे, बेदाणे, काकडीच्या चकत्या आधीच मांडून ठेवा.

• ४ बटाट्यांच्या फोडी खरपूस तळा. २ टोमॅटो, ४ लसूण पाकळ्या, चमचाभर तिखट आणि मीठ तेलात परतून वाटा नि वरून घाला.

• अंडी चालत असतील तर कांदा-बटाट्याचं जाड आम्लेट करून वड्या कापा. ते गारही छान लागतं.

• बशा मधोमध ठेवा. ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं. वाढायला कुणी उठायचं नाही, तुम्हीसुद्धा!

सासूबाई पहिल्यांदा कुरकुरतील कदाचित. त्यांना हाताला धरून शेजारी बसवा. जन्मभर त्याही शेवटीच जेवल्या आहेत.