गेंडा दिसला? आता आसाम बघा!

काझीरंगा म्हटलं की डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र येतं. उघडी जिप्सी, डोक्याएवढं गवत आणि समोर गेंडा. फोटो काढला, स्टेटसला टाकला, ट्रिप वसूल! परीक्षा संपल्यावर ईशान्येकडे जायचा बेत तुमच्याही ग्रुपमध्ये शिजत असेल, तर एक सांगू? गेंडा तुम्हाला बहुतेक पहिल्याच सफारीत दिसेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीमुळे इथे मोजकेच गेंडे उरले होते. १९०५ मध्ये जंगल राखीव करायची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२२ च्या गणनेत आकडा २,६१३ वर पोचला. त्यामुळे सगळे दिवस जिप्सीत काढायची गरज नाही. दोन सफारी करा आणि उरलेला वेळ भोवतालच्या गावांना द्या. ती गावं बघितल्याशिवाय हे जंगल अर्धंच कळतं.

पूर हवा, पण...

पूर म्हणजे संकट, हे आपलं साधं गणित. काझीरंगात ते थोडं बदलतं. दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा आत शिरते, तळी भरते, जलपर्णी वाहून नेते आणि नवा गाळ टाकते. म्हणून गवत टिकतं आणि गवतावर गेंडे टिकतात. पण पाणी फार चढलं की हरणं, हत्ती, गेंडे दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. मध्ये आडवा येतो राष्ट्रीय महामार्ग. पुराच्या दिवसांत तिथे गाड्यांना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असते. वाहनांना टाइम कार्ड देतात. ठरलेल्या वेळेआधी दुसऱ्या टोकाला पोचलात, तर वेग वाढवलात हे उघड होतं आणि दंड बसतो.

हाच पूर गावांतही शिरतो. शेतं बुडतात, गुरं हलवावी लागतात. पाणी ओसरलं की भातात हत्ती उतरतात. आपण ज्याला ‘वाइल्डलाइफ’ म्हणतो, ते या लोकांच्या कुंपणापलीकडे राहतं.

खांबांवरचं घर

मिसिंग समाजाच्या वस्तीत गेलात की याचं उत्तर दिसेल. त्यांचं ‘चांग घर’ बांबूचं आणि जमिनीपासून उंच, खांबांवर उभं असतं. पाणी येणारच, हे धरून बांधलेलं! अनेक घरांखालच्या मोकळ्या जागेत हातमाग असतो. आसामात विणकाम घरोघरी चालतं. मेखला चादोर आणि लाल काठाचा पांढरा गामोसा मागावर कसा उतरतो ते बघा. पाहुण्याच्या गळ्यात गामोसा घालायची इथे पद्धत आहे. आपण शाल देतो, तसंच. विकत घ्यायचा असेल तर हातमागाचाच मागा. यंत्रावरचा स्वस्त मिळेल, पण त्याचे पैसे त्या घरात जाणार नाहीत.

जेवायला हॉटेलऐवजी होमस्टे निवडा. माशाचं आंबट ‘टेंगा’ चाखा. आणि ‘खार’ विसरू नका. केळीच्या सुकवलेल्या साली जाळून त्या राखेच्या पाण्यात शिजवतात. आपला पापडखार आठवेल.

इकडे भोगी, तिकडे भोगाली

जानेवारीच्या मध्यावर गेलात तर भोगाली बिहू सापडेल. आदल्या रात्री ‘उरुका’, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. पहाटे ‘मेजी’ पेटवतात आणि मग तिळाचे पिठे, तिळाचे लाडू. संक्रांत, तीळ, नवं पीक, सगळं ओळखीचं वाटेल. एप्रिलच्या मध्यावर रोंगाली बिहू, म्हणजे नवं वर्ष. त्याच्या पहिल्या दिवशी गुरांना नदीवर नेऊन न्हाऊ घालतात. बैलपोळ्याच्या गावातून आलेल्याला वेगळं समजवायला नको!

निघण्याआधी

* सफारी साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. गुवाहाटीहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. जोरहाटचा विमानतळ त्याहून जवळ. आसामसाठी इनर लाइन परमिट लागत नाही.
* दोन सफारी वेगवेगळ्या रेंजमध्ये घ्या. कोहोरा आणि बागोरी नेहमीच्या, पक्ष्यांसाठी आगोरातोली.
* डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवस पहाटेच सुरू करा.
* नामघर म्हणजे गावाचं प्रार्थनास्थळ. चपला बाहेर. घरात किंवा मागावर फोटो काढण्याआधी विचारा.
* महामार्गावर ड्रायव्हरला ‘दादा, हळू’ सांगायला लाजू नका. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तर तुमची फार तर एक चहा हुकेल. रस्ता ओलांडणाऱ्या हरणाचा जीव जाईल.