स्पीकरइतकंच घरही वाजतं

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाडकडे येताना रस्त्याकडेच्या गावांत एक बदल ठळक दिसतो. कौलारू घरं जाऊन तिथे स्लॅबची घरं उभी राहिली आहेत. नव्या घरात हौसेनं चांगले स्पीकर येतात आणि पहिल्याच दिवशी गाणं घुमायला लागतं. डग्गा पसरतो, शब्द एकमेकांत मिसळतात. दोष स्पीकरवर ढकलला जातो. खरं तर त्यात खोलीचा वाटा फार मोठा असतो.

आधी स्पीकरकडे पाहू. चुंबकाच्या फटीत तारेची एक हलकी गुंडाळी असते आणि तिला कागदाचा शंकू चिकटवलेला असतो. गुंडाळीतून वीज वाहिली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा हलवतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये मांडलेली ही रचना मूळ रूपात आजही तशीच आहे. अडचण अशी की शंकू पुढे हवा दाबतो त्याच क्षणी मागे ती विरळ करतो. खर्जाच्या लांब लाटा कडेवरून वळून एकमेकींना मारतात. म्हणून शंकूला पेटी लागते.

ही पेटी किती मोठी असावी, हे पूर्वी अंदाजानं ठरायचं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात त्याचं गणित बसवलं. शंकूचं वजन, त्याची लवचीकता आणि चुंबकाची ताकद कळली की पेटीचं आकारमान कागदावर निघतं. हातानं स्पीकर बांधणाऱ्या हौशी माणसाला या गणितानं मोठं बळ दिलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, सुताराकडून जाड प्लायची पेटी करून घ्यायची, आतून आडवे टेकू द्यायचे. टेकू यासाठी की पेटीच्या फळ्या स्वतः थरथरल्या तर गाण्यात लाकडाचा आवाज मिसळतो. हातानं बांधलेल्या उत्तम यंत्रणेचं सगळं कसब एका गोष्टीत आहे: मूळ आवाजात आपलं काही घालायचं नाही.

ते साधलं का, हे पाहायला आपल्याकडे तानपुऱ्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडीचा माथा कानसीनं घासून जवारी काढतात. त्या किंचित उतरत्या माथ्यावर तार हलताना पुन्हा पुन्हा टेकते आणि सुती दोरा ती जागा नेमकी करतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं की या घोडीमुळे तानपुऱ्यात असे उपस्वरही उमटतात, जे छेडण्याच्या जागेमुळे नियमानुसार उमटायला नकोत. काळी एकमध्ये खर्जाची तार साधारण 69 हर्ट्‌झला बोलते आणि तिचे उपस्वर काही हजार हर्ट्‌झपर्यंत चढतात. एका टोकाला पाच मीटर लांबीची लाट, दुसऱ्या टोकाला काही सेंटिमीटरची. दोन्ही एकाच वेळी खरी ऐकू आली, तर यंत्रणा चांगली.

आता खोली. समोरासमोरच्या दोन सपाट भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो. भिंतींमधलं अंतर लाटेच्या निम्म्या लांबीइतकं असलं की तो सूर फुगतो. दहा फुटांच्या अंतराला हा सूर 56 हर्ट्‌झचा येतो, पुढचा त्याच्या दुप्पट. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा फूट असेल, तर तिन्ही दिशा एकाच सुरावर जोर देतात. डग्ग्याचा घुमारा तिथेच बिघडतो. वर गुळगुळीत गिलावा आणि खाली फरशी, म्हणजे आवाज शोषायला कुणी उरत नाही. वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात हे मोजलं. रिकाम्या दालनात आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवल्या तसा तो वेळ कमी होत गेला. कोकणातल्या जुन्या घरात उतरतं छप्पर होतं, दगडमातीच्या किंवा जांभ्याच्या खडबडीत भिंती होत्या, कौलांतल्या फटींतून खर्जाचा जोर बाहेर जात होता. तिथे घुमण्याला वावच कमी होता.

परावर्तन नेहमी वाईटच असतं असं नाही. महाड तालुक्यातल्याच रायगडावर, 6 जून 1674 रोजी जिथे राज्याभिषेक झाला त्या राजसदरेत, नगारखान्यापाशी हलक्यानं उच्चारलेला शब्द दोनशे फुटांच्या आसपास अंतरावर सिंहासनाच्या जागी ऐकू येतो. आजूबाजूची शांतता आणि दगडी भिंती दोन्ही त्याला साथ देतात. बोलण्याचा पडसाद मूळ आवाजानंतर साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर कान त्याला वेगळा मानत नाही, मूळ आवाजाचंच बळ समजतो. हेल्मुट हास यांनी ही गोष्ट 1949 च्या प्रबंधात सिद्ध केली. पडसाद उशिरा आले की मात्र शब्दांची गर्दी होते.

म्हणून खर्चाचा क्रम बदलायला हवा. नवं घर बांधताना बसायची खोली चौकोनी घनासारखी करू नका. 14 बाय 11, उंची 9 फूट अशी मापं घेतली तर तिन्ही दिशांचे सूर 40, 51 आणि 62 हर्ट्‌झवर विखुरतात आणि त्यासाठी एक वीटही जास्त लागत नाही. जमिनीवर सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट, खिडकीला जाड पडदा लावा. स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे ओढा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा. मग आवाज कमी ठेवा. 85 डेसिबलला कान आठ तास सुरक्षित मानले जातात आणि दर तीन डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होते. विलंबित ख्यालातली बारीक मींड, दोन स्वरांमधली निःशब्द जागा मोठ्या आवाजात सापडत नाही. ती शांत खोलीत, दुसरं काही न करता बसलेल्या माणसाला सापडते. कारागिरानं यंत्रणा कितीही मन लावून बांधली, तरी तिचा शेवटचा भाग ऐकणाऱ्यानंच जोडायचा असतो.