उन्हात बसायचे, पण कुठे?

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी प्रवासवर्णनपर, पण वैद्यकीयही असे लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्नच होता. पण जो प्रवास सांगणार आहे त्यात एका वैद्यकीय चुकीचा उलगडा मला झाला, आणि ती चूक माझीच होती. म्हणून हे धाडस.

आमचे चिरंजीव इंग्लंडात स्थायिक आहेत. २०२३ च्या जून महिन्यात त्यांनी आम्हा उभयतांना साउदॅम्प्टनहून निघणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजातून स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत नेले. जसोंडीसारख्या खेड्यात केळीच्या बागांत वाढलेल्या माणसाने समुद्र पाहिला तोच मुळी वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर. त्यामुळे हे बारा-पंधरा मजली तरंगते गाव पाहून मी काही काळ अवाक् झालो. जहाजाच्या वर्णनात मात्र वाचकांचा वेळ घेत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी त्यांनाही असे फिरवून आणले आहे.

सर्वात वरच्या मजल्यावर, पुढच्या अंगाला, काचेच्या दाराआड एक प्रशस्त मोकळी जागा होती. दारावर पाटी होती की, येथे केवळ प्रौढांनाच प्रवेश आहे. आमचा सात वर्षांचा नातू दाराशी थबकला आणि म्हणाला, "आजोबा, आत काय असतं?" मलाही ठाऊक नव्हते. मनात, खोटे कशाला सांगू, नको ते विचार आले. आत जाऊन पाहतो तो पाऊणशे वयाची जोडपी लांब आरामखुर्च्यांवर उन्हात पहुडलेली, कोणी पुस्तक वाचते आहे, कोणी घोरते आहे. पोरांचा कल्लोळ नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ही सोय आता बहुतेक मोठ्या जहाजांवर असते. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर तिला सोलॅरियम म्हणतात व तेथे सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो; कार्निव्हल कंपनीची सेरेनिटी नावाची जागा एकवीस वर्षांवरील लोकांसाठी. पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि ऑरोरा ही तर जहाजेच्या जहाजे प्रौढांसाठी राखीव आहेत. अंगावर वस्त्र किती असावे याचे नियम कंपनीगणिक निराळे, तरी पोहण्याचा पोशाख बहुतेक ठिकाणी आवश्यकच असतो. आवाज हळू ठेवायचा, संगीत स्वतःच्या कानापुरते ऐकायचे, अंगाला तेल लावले असेल तर खुर्चीवर टॉवेल अंथरल्याशिवाय बसायचे नाही. दुसऱ्याकडे टक लावून पाहायचे नाही आणि छायाचित्र तर मुळीच घ्यायचे नाही. यातले काही नियम लिहिलेले होते, काही सर्वांच्या अंगवळणी पडलेले.

खुर्चीचा नियम आम्हाला अनुभवाने कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.ने दोन खुर्च्यांवर आपला पंचा आणि माझा रुमाल टाकला आणि आम्ही निश्चिंत मनाने न्याहारीला गेलो. खिडकीतून रुमाल टाकून एस.टी.तली जागा धरणाऱ्या पिढीला यात वावगे काय वाटणार? तासाभराने परत आलो तर आमच्या खुर्च्यांवर एक इंग्रज दांपत्य विराजमान. पंचा आणि रुमाल सुबक घडी करून बाजूच्या मेजावर ठेवलेले, वर एक चिठ्ठी: अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरील सामान उचलण्यात येते. कार्निव्हलच्या जहाजांवर ही मुदत चाळीस मिनिटांची असते, असे नंतर समजले. सौ. अत्यंत खजील झाली. मी मात्र मनातल्या मनात आमच्या बसस्थानकावर हा नियम लागू करून पाहत होतो.

त्याच इंग्रज गृहस्थांची पाठ दुसऱ्या दिवशी शिजवलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती. समुद्रावर असे हमखास घडते. वारा गार असल्यामुळे त्वचा भाजते आहे हे कळत नाही, ढग असले तरी अतिनील किरणांचा मोठा भाग खाली पोहोचतो, आणि लाली पूर्णपणे दिसायला बारा ते चोवीस तास लागतात. गोऱ्या त्वचेला ही चैन महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ मध्येच निश्चित कर्ककारकांच्या पंक्तीत बसवले. याच युरोपात १९०३ साली नील्स फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी डॉ. रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधील लेझां येथे क्षयरोग्यांना ऊन देण्यास आरंभ केला. रोलिएंची पद्धत आजही शिकण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी फक्त पावले, तीही काही मिनिटेच; मग रोज थोडे वर, थोडे अधिक. ते ऊन औषधासारखे मोजून देत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सौ.चे गुडघे आणि कंबर तीन-चार वर्षांपासून दुखत होती. ड जीवनसत्त्व तपासले तेव्हा ९ नॅनोग्रॅम निघाले होते. २० च्या खाली गेले की आपण कमतरता समजतो. साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक, असे माझेच उपचार चालू होते, आणि त्याच्या जोडीला माझेच वाक्य: "सकाळच्या कोवळ्या उन्हात बसत जा." हे वाक्य मी गेली तीस वर्षे हजारो चिठ्ठ्यांवर लिहीत आलो आहे.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सौ. त्या प्रौढांच्या जागेत एका कोपऱ्यात खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळाने पाहतो तर तिने साडी गुडघ्यांपर्यंत वर घेतलेली, पदर बाजूला सारून पाठ उन्हाकडे केलेली आणि डोळे मिटलेले. आमच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. उघड्यावर अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी सवयीने आजूबाजूला पाहिले. कोणाचेही लक्ष नव्हते. मी पुस्तकात तोंड घातले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "अहो, इथं कुणी बघत नाही." आणि मग थोडे थांबून, "तुम्ही सगळ्या बायकांना सांगता, उन्हात बसा. कुठे बसायचं, ते कधी सांगितलंत का हो?"

मला उत्तर सुचले नाही.

दुपारभर ती जसोंडीविषयी बोलत राहिली. ती सून म्हणून आली तेव्हा आमच्या घरामागे परसू होते. मातीची भिंत, कडेला पेरू, न्हाणीचे पाणी केळीच्या चार खुंटांना जाई. दुपारची कामे आटोपली की घरातल्या व शेजारच्या बायका तेथे केस वाळवत, गहू निवडत, पाय पसरून बसत. बाळंतिणीला आणि तान्ह्याला तेल लावून तेथेच उन्हात ठेवत. त्या वेळी परसात पुरुषाने एकदम पाऊल टाकायचे नाही असा दंडक होता. आमचे वडील, काका दारापाशी आले की खाकरत. आतून "या" असे उत्तर आले तरच पुढे होत. पाटी नव्हती, चिठ्ठी नव्हती, पण जहाजावरच्या त्या काचेच्या दाराचा कायदा तोच होता. तापीच्या घाटांवरही बायकांच्या स्नानाच्या वेळी माणसे नजर पाण्याकडे ठेवून चालत. तापीला आपण सूर्यकन्या म्हणतो. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मुमताज महलसाठी बांधलेला हमाम आहे. त्याची रंगीत छते पाहताना आपण कारागिरीचे कौतुक करतो. पण आत कोणाची नजर पोहोचणार नाही अशी जागा, हीसुद्धा त्या वास्तूतली सोयच होती. ती बादशहाच्या बेगमेला मिळाली, आणि साध्या रूपात आमच्या आजीलाही परसात मिळत होती.

ते परसू आता नाही. केळीला चांगला भाव आलेल्या एका वर्षी तेथे स्लॅब पडला, दोन खोल्या वाढल्या. गच्ची आहे, पण ती चारी बाजूंच्या गच्च्यांना उघडी, आणि आता प्रत्येक गच्चीवर एखादा मोबाईल असतोच. गोव्याच्या पर्यटन खात्याला २०२३ च्या जानेवारीत लोकांना सांगावे लागले की, उन्हात पहुडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्या परक्या माणसांची छायाचित्रे परवानगीवाचून काढू नका. परदेशी पाहुण्यांसाठी सरकारी सूचना निघाली. आपल्या गच्चीवरच्या बाईसाठी कोण काढणार?

बऱ्हाणपुरात परतल्यावर माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. यंत्रमागाच्या वस्तीतल्या स्त्रिया दिवसभर अंधाऱ्या खोलीत कांड्या भरतात. बाहेर पडतात त्या बुरख्यात किंवा डोक्यावरून पदर घेऊन. जांघेत दुखते, जिना चढवत नाही, बसल्या जागेवरून हात टेकल्याशिवाय उठवत नाही, ही हाडे मऊ पडल्याची लक्षणे आपण सारेच रोज पाहतो आणि अनेकदा 'वात' म्हणून वेदनाशामक लिहून देतो.

माझ्या त्या वाक्यात वैद्यकीय चूकही होती. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील 'ब' किरण सूर्य कलता असताना जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, काचेतून तर येतच नाहीत. साधी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच या कामाला चांगले ऊन मिळते. मे महिन्यात आपल्याकडे ती नऊ-साडेनऊलाच आखूड होते, म्हणजे उष्माघाताच्या वेळेआधीच काम उरकता येते. डिसेंबरात मात्र साडेबारालादेखील ती जेमतेम उंचीएवढी होते. हिवाळ्यातले सकाळी सातचे कोवळे ऊन सुखद खरे, पण हाडांसाठी जवळजवळ निरुपयोगी. शिवाय आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि केवळ चेहरा व हात उघडे ठेवून भागत नाही. पाठ, दंड, पिंढऱ्या उघड्या हव्यात. म्हणजे बाईला भर दुपारी, उघड्या पाठीने, अर्धा तास बसायला सांगायचे. असे सांगितल्यावर 'कुठे' हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणून आता मी तो विचारतो. उत्तरे ऐकण्यासारखी असतात. एकीने सांगितले, "जागा नाही, साहेब," आणि तिला मी मुकाट्याने पुडी लिहून दिली. तिच्यासाठी तेच योग्य. दुसरी, तीन जावांच्या घरातली, म्हणाली की गच्चीवर बघू. महिन्याने आली तेव्हा कळले की तिघींनी दोरी बांधून तिन्ही अंगांना चादरी वाळत घातल्या, रोज त्याच वेळी, त्याच चादरी. पोरांना सक्त ताकीद दिली. गोळ्याही चालू होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे सांगता येत नाही, पण चार महिन्यांनी ती भिंतीचा आधार न घेता दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

गेल्या पौषात जसोंडीला चुलतभावाकडे गेलो होतो. गच्चीवर जायचा जिना चढताना कोण जाणे का, मी खाकरलो. वरचे बोलणे एकदम थांबले. मग वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, अर्ध्या तासानं या."

मी खाली येऊन ओट्यावर बसलो.