दुरुस्तीपेक्षा निगा बरी : घरचे डिझेल इंजिन

विहिरीला पाणी आहे, गहू ओंबीवर आला आहे आणि नेमके अशा वेळी इंजिन बंद पडते. तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस जातात. तो येतो, चार नट सैल करतो, पुन्हा आवळतो आणि इंजिन धडधडू लागते. टाकीतले डिझेल संपल्यामुळे नळीत हवा शिरली होती, बिघाड एवढाच. मजुरी हातावर ठेवताना घरधन्याला वाटते, एवढे तर आपल्यालाही जमले असते.

खरोखरच जमते. मात्र काय करावे याइतकेच काय करू नये हेही कळायला हवे.

ठिणगीविना चालणारे यंत्र

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे झाली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली. पुढे पुणे आणि राजकोट येथील इंजिने देशभर विहिरींवर जाऊन बसली.

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सुमारे सोळा-सतरा पट दाबली जाते आणि त्या दाबानेच ती इतकी तापते, की आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरेसे ऑइल या तीन गोष्टी सांभाळल्या, की निम्मी काळजी मिटते.

रोजची दहा मिनिटे

इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी काढून ऑइल बघावे. ते दोन खुणांच्या मध्ये असावे. डिझेल बारीक जाळीतून गाळूनच टाकीत ओतावे. एअर क्लीनर धुळीने भरला असेल तर साफ करावा. ऑइल बदलताना इंजिन थोडे चालवून बंद करावे. कोमट ऑइलबरोबर गाळही निघून जातो. काढलेले ऑइल विहिरीजवळ वा शेतात कधीही ओतू नये.

धूर हा इंजिनाचा वैद्य समजावा. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त किंवा भार अधिक. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर सुरू झाल्यावरही थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी जात आहे.

हवा काढायची कशी?

टाकी भरून कॉक उघडावा. प्रथम फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली, की आवळावा. मग तसेच पंपाच्या स्क्रूचे करावे. शेवटी इंजेक्टरच्या नळीचा नट थोडा सैल करून, हात दूर ठेवून हँडल फिरवावे. डिझेल आले, की नट आवळावा. क्रम नेहमी टाकीकडून इंजेक्टरकडे असतो.

इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. तो दाबाने कातडीत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी लगेच इस्पितळ गाठावे, नाही तर बोट गमावण्याची पाळी येते. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा फ्लायव्हील आणि पट्ट्यापासून लांब असावा. बंद खोलीत इंजिन चालवू नये, धुरातला विषारी वायू जीव घेतो.

बदल करावे, पण कोणते?

ताकद वाढावी म्हणून काही जण पंपाचे सील तोडून डिझेल वाढवतात. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असल्याने जास्तीचे डिझेल काळा धूर होऊन जाते आणि इंजिन तापते. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

त्यापेक्षा इंजिनाबाहेरचे बदल फायद्याचे. पाणी अडवणारा जुना फूटव्हॉल्व्ह बदलावा, अरुंद पाइप व अनावश्यक बेंड काढावेत. पंपाला कमी जोर लागला, की डिझेल आपोआप वाचते. घरी मोठा गोबर गॅस संयंत्र असेल, तर हवेच्या वाटेने गॅस सोडून डिझेलचा खर्च बराच कमी करता येतो. मात्र गॅस पेटवायला थोडे डिझेल लागतेच आणि ही जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची कामे मिस्त्रीचीच. पण तो आला, की घरातल्या मुलाने आणि मुलीनेही शेजारी उभे राहून पाहावे. पुढच्या हंगामात पीक वाळताना कुणाची वाट बघावी लागणार नाही.