सहा व्होल्टची बदनामी
(लेखांक ११)

या आठवड्यात क्रँककेस उघडायचं कबूल केलं होतं. ते काम एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण साताऱ्याहून आलेल्या एका पत्रानं माझ्या अगदी जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातला आहे. पत्रलेखकांकडे त्यांच्या वडिलांची १९६८ची जावा आहे. रंग, क्रोम, सीट, सगळं नवं करून झालंय. दिवसा गाडी झकास पळते. रात्री मात्र हेडलाइट काजव्याएवढा, आणि दिवा लावला की मधूनच मिसिंग. गॅरेजवाले म्हणतात, सहा व्होल्टचं हे असंच असतं, डायनॅमो काढून टाका आणि बारा व्होल्ट करून घ्या. 'करू का?' असं त्यांनी विचारलंय.

आत्ता करू नका. आधी तारा बघा.

जुन्या गाड्यांच्या नादात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. सहा व्होल्टच्या माथी मारले जाणारे बहुतेक गुन्हे गंजलेल्या जोडांचे, बारीक तारांचे आणि हरवलेल्या अर्थिंगचे असतात. जावाचं हे २५० सीसी मॉडेल चेकोस्लोव्हाकियात पन्नासच्या दशकात घडलं आणि १९६१पासून मैसूरच्या आयडियल जावात बनू लागलं. त्या काळात सहा व्होल्ट हीच जगभरची रीत होती. फोक्सवॅगनची बीटल मोटार साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत सहा व्होल्टवरच धावत होती. अमेरिकन गाड्या पन्नासच्या दशकात बारावर गेल्या, त्यामागचं मोठं कारण म्हणजे वाढत्या कॉम्प्रेशनची मोठाली इंजिनं फिरवायला स्टार्टर मोटरला लागणारा जोर. आपल्या जावाला स्टार्टर नाही, ते काम आपला पाय करतो. उरतो तो प्लगचा स्पार्क, दिवे आणि हॉर्न. एवढ्याला सहा व्होल्ट पुरतात, पण ते वाटेत गळाले नाहीत तरच.

हे गळणं कसं होतं ते आकड्यांतच बघू. ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब सहा व्होल्टवर जवळजवळ ६ अँपियर करंट ओढतो. तेवढ्याच वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब ३ अँपियरही घेत नाही. आता समजा, बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि तिथून परत, या सगळ्या वाटेवर मिळून ०.१ ओहम अडथळा आहे. बारा व्होल्टच्या गाडीत तिथे साधारण ०.३ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे अडीच टक्के. सहा व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट जातात, म्हणजे दहा टक्के. अडथळा तोच, नुकसान चौपट. आणि फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं घसरतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बारावर तोच तोटा आठ टक्क्यांच्या आसपास असतो, डोळ्याला कळतही नाही. म्हणून बारा व्होल्टची गाडी ढिसाळ वायरिंग खपवून घेते आणि सहा व्होल्टची घेत नाही.

०.१ ओहम ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते जमायला फार काही लागत नाही. अर्धा चौरस मिलिमीटरची, घरातल्या बेलला वापरतात तसली तार दोन मीटर टाकली की ०.०७ ओहम तिथेच झाले. वर एखादा हिरवा पडलेला लग आणि सैल फ्यूज. झालं काम! हार्नेस नवा बांधताना दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक तार हेडलाइटला वापरू नका, आणि बॅटरीची मुख्य तार अडीचची घ्या. लग नुसता दाबून सोडू नका, त्याला डाखही द्या. सगळं सामान मिळून एका चांगल्या जेवणाच्या बिलात बसतं.

साताऱ्याच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'रंग द्यायच्या आधी दिवा यापेक्षा बरा होता,' असं त्यांनी सहज लिहिलं आहे. दुखण्याचं मूळ तिथेच आहे. या गाड्यांमध्ये परतीच्या करंटला वेगळी तार नसते, गाडीचं लोखंडच ती वाट असतं. हेडलाइटमधून निघालेला करंट फोर्कमध्ये उतरतो, हँडलच्या कोनसेटमधल्या ग्रीस माखलेल्या गोळ्यांमधून चासीत जातो आणि मग बॅटरीच्या टोकाला पोचतो. गंजक्या गाडीत निदान लोखंडाला लोखंड घासून ही वाट कशीबशी चालू असते. आपण चासी सोलतो, पावडर कोटिंग करतो आणि प्रत्येक नटाखाली विजेला अडवणारा एक सुंदर, चकचकीत थर घालून ठेवतो. त्यामुळे नव्यानं सजवलेल्या गाडीचं वायरिंग भंगारातल्या गाडीपेक्षा वाईट चालतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

उपाय सोपा आहे. हेडलाइटच्या आतून एक स्वतंत्र अर्थिंगची तार काढा आणि ती थेट बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापर्यंत आणा. दुसरी तार त्याच टोकापासून इंजिनच्या केसिंगवरच्या एखाद्या बोल्टला, तिसरी टेललाइटला. जिथे जिथे लग चासीला बसतो, तिथे तेवढ्या गोलात रंग खरवडून लोखंड उघडं करा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. नव्या रंगावर पाना चालवायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण लगाखालचा तो गोल कुणाला दिसत नाही.

हे सगळं करण्याआधी खरंच दोष तिथे आहे का, याची खात्री करून घ्या. आमच्या भागातले एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ते मीटर नंतर काढतात, आधी एक हातभर जाड तार घेतात. दिवा लावून ठेवायचा, तारेचं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगला आणि दुसरं बल्बच्या होल्डरच्या धातूला टेकवायचं. दिवा झटकन पांढरा झाला की निदान पूर्ण. पेठेत नाव काढावं असा हा माणूस, आणि त्याचं पहिलं हत्यार म्हणजे ही तार!

मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. दिवा चालू ठेवून बॅटरीच्या गरम टोकापासून बल्बच्या संपर्कबिंदूपर्यंत व्होल्टेज मोजा. मग बॅटरीच्या अर्थिंगपासून बल्बच्या होल्डरपर्यंत मोजा. दोन्हींपैकी कुठेही ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला, तर त्या वाटेवरचा एकेक जोड शोधत जा. इग्निशन स्विच आणि दिव्याचं बटण हे जुने संशयित आहेत, त्यांचे संपर्क उघडून साफ करा.

दिव्याचं वागणंही बरंच काही सांगतं. इंजिन आयडलिंगला असताना डायनॅमो चार्ज करत नाही, तेव्हा दिवा एकट्या बॅटरीवर जळत असतो. त्यामुळे आयडलिंगला मंद आणि रेस केल्यावर लख्ख, असं होत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. सगळ्या वेगांना सारखाच पिवळा असेल तर जोड किंवा अर्थिंग. निघताना छान, पण तासाभरानं मंद होत मिसिंग सुरू झालं, तर डायनॅमो चार्जच करत नाही. पूर्ण भरलेली सहा व्होल्टची बॅटरी शांत असताना ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. इंजिन रेस केल्यावर तिच्या टोकांवर ७ ते ७.४ दिसायला हवेत. एवढे दिसले, तर डायनॅमोवर आळ घेऊ नका.

न दिसले तर उजव्या बाजूचं कव्हर काढा. कार्बन झिजलेत का, ते आपापल्या घरात मोकळे सरकतात का, स्प्रिंग दाबते का, हे बघा. काळा पडलेला कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्यानं पुसा. खरवडायचाच असेल तर अगदी बारीक काचकागदानं. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खात राहतात. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल, तर हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्यानं त्या खाचा हलक्या हातानं खोल करा. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. फील्डच्या लोखंडात मुरलेलं थोडंसं चुंबकत्व निघून जातं, आणि त्याशिवाय डायनॅमोला वीज निर्माण करायला सुरुवातच करता येत नाही. अशा वेळी वायरिंगची आकृती समोर ठेवून, अर्थिंग कोणत्या टोकाला आहे याची खात्री करून, फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यायचा. मेला म्हणून बाजूला काढलेला डायनॅमो एवढ्यानंच जिवंत होताना बघणं हा या छंदातल्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

आता बारा व्होल्टवाल्यांची बाजू. जावाचा डायनॅमो ४५ वॅटचा. हेडलाइट ३५, टेललाइट ५, मीटरचा छोटा दिवा, आणि वर इग्निशन कॉइलही सतत थोडा करंट घेत असते. म्हणजे रात्रीचा हिशेब नव्या गाडीतही जेमतेमच जमायचा. टेललाइट आणि मीटरला सहा व्होल्टचे एलईडी बल्ब लावले, तर काही वॅट वाचतात आणि मूळ रूपाला धक्का लागत नाही. हेडलाइटमध्ये एलईडी टाकताना जपून, कारण तिथला रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेड भलतीकडे पसरला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि रस्ता अंधारात राहतो.

रोज रात्री घाट चढायचा असेल, पावसाळ्यात गाडी कामावर न्यायची असेल, तर बारा व्होल्ट जरूर करा. चेक प्रजासत्ताकातली वेप कंपनी या गाड्यांसाठी जनरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे तयार संच बनवते. ते मूळ डायनॅमोच्या जागीच बसतात आणि कव्हर लावल्यावर बाहेरून काही कळत नाही. कोणताही संच घ्या, माझी अट एकच आहे. केसिंग कापायचं नाही, चासीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. काढलेला डायनॅमो, कटआउट आणि कॉइल ग्रीस लावून, कागदात गुंडाळून पेटीत जपून ठेवायचे. पुढच्या पिढीला वाटलं तर तिला एका दुपारी गाडी मूळ रूपात आणता आली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ओरिजिनल डायनॅमो आता नवा बनत नाही. भंगारात गेलेला प्रत्येक डायनॅमो कायमचा गेला.

शेवटी, या विषयाचा धागा पुढच्या आठवड्याच्या कामाला जोडून देतो. जावाच्या डायनॅमोच्या आर्मेचरला स्वतःचं बेअरिंग नसतं, ते थेट क्रँकच्या टोकावर बसतं. क्रँकचं बेअरिंग झिजलं की आर्मेचर डुलतं, फील्डच्या लोखंडाला घासतं आणि पॉइंटची गॅप दर फेरीला बदलते. आर्मेचरवर घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्या, तर कितीही नवं वायरिंग टाकलं तरी उपयोग नाही, कारण दुखणं केसच्या आत आहे. साताऱ्याच्या वाचकांनी ही खूण आवर्जून बघावी आणि काय दिसलं ते कळवावं.

पुढच्या लेखात केस नक्की उघडणार. त्यासाठी आर्मेचर काढायचा पुलर बोल्ट आधीच आणून ठेवा. पुण्यातल्यांना नाना पेठेत चौकशी करता येईल. हातोडीनं ठोकून आर्मेचर काढायला कुणी सांगितलं, तर गाडी त्याच्या हाती देऊ नका.