कॉफी मशीनमध्ये पांढरा थर? फक्त टीडीएस पाहू नका

अमरावती-अकोल्यातल्या तुमच्या कॅफेत कॉफी मशीनची धार बारीक झालीय? पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी वापरत असाल, तर आधी क्षार तपासा.

थर का धरतो? जड पाणी तापले की कॅल्शियमचे क्षार हीटरवर साचतात. थर उष्णता अडवतो आणि हीटर जळू शकतो.

काय कराल? मशीनच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल, तरच 1 लिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून टाकीतून फिरवा. 20 मिनिटांनी साध्या पाण्याने 2-3 वेळा धुवा. बॉयलरचे मोठे मशीन मात्र मेकॅनिककडेच द्या. सुटलेला तुकडा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

लक्षात ठेवा : टीडीएस मीटर सगळेच क्षार एकत्र मोजते. थर किती धरेल, हे पाण्याचा जडपणा तपासल्यावरच कळते.